शाळेतली पंगत

बावड्याहून अकलूजकडे जाताना नीरा ओलांडावी लागते. नदीच्या दोन्ही तीरांना ऊस आहे आणि दिवाळीच्या सुमारास त्या उसाकडेला तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. ह्या मुलखात कामगारांची संघटना बांधण्यात आमची उमर गेली. शिक्षण म्हणाल तर दिवसा काम आणि रात्री वाचन, एवढेच. तेव्हा इतिहासकाराचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु मुलाच्या पोटालाही इतिहास असतो, आणि तो मांडण्यास फार मोठी पदवी लागत नाही.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्याच मातीतला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. ह्या मुलांच्या अन्नासाठी घरोघरच्या बायाबापड्यांनी दळणातली मूठमूठ बाजूला काढली. त्याला मुष्टिफंड म्हणत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. उपाशी मूल शिकत नाही, हे सत्य सरकारच्या आधी ह्या माउलीने ओळखले होते.

दुसरा धागा दक्षिणेचा. मद्रास शहराच्या नगरपालिकेने १९२० च्या सुमारास शाळेत मुलांना खाऊ घालण्याचा प्रयोग केला. पुढे १९५६ साली मुख्यमंत्री कामराज यांनी तो राज्यभर नेला. आपल्याकडे मात्र दीर्घकाळ दुष्काळ पडला की मदत, आणि पाऊस पडला की विसर, असाच क्रम चालला. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्वारी आमच्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर अजून आहे.

सबंध देशासाठी योजना निघाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत ती शिजली नाही. मुलाची हजेरी शेकडा ८० भरली तर महिन्याला ३ किलो तांदूळ, एवढाच तिचा अर्थ राहिला. ह्यात दोन दोष होते. पिशवी घरी गेली की तांदूळ साऱ्या कुटुंबात वाटला जाई, ते योग्यही होते. पण शाळेत मूल उपाशीच राही. दुसरा दोष अधिक वाईट. आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेल्या पोराची हजेरी ८० भरणार कशी? म्हणजे ज्याला गरज अधिक, तोच नेमका नियमातून गळे.

हे चित्र बदलले न्यायालयामुळे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आज्ञा दिली की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलेच जेवण द्यावे. निदान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातून किमान २०० दिवस. एप्रिल २००४ च्या आज्ञेने स्वयंपाकाच्या कामात दलित व आदिवासी स्त्रीपुरुषांना प्राधान्य मिळाले, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही जेवण देण्याचे ठरले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाचे हे जेवण त्याचा हक्क झाले.

आता एक तुलना पाहा. इंग्लंडात १९०६ सालीच शालेय भोजनाचा कायदा झाला. अमेरिकेत १९४६ साली. परंतु तेथे बहुतांशी रीत अशी पडली की, पालकाने अर्ज करावा, उत्पन्न कमी ठरले तर जेवण फुकट किंवा कमी दरात मिळावे. अर्ज आला की लाज आली, कागद आला, आणि काही मुले त्यातून सुटली. आपल्या खिचडीला मात्र कोणी दाखला मागत नाही. सरकारी वा अनुदानित शाळेच्या पंगतीत जो बसेल, तो जेवेल. गरिबाच्या पोराला गरिबी सिद्ध करावी लागू नये, ह्यात मोठे शहाणपण आहे.

तरीही पंगतीचे दार अगदी उघडे आहे असे नाही. काही वर्षांपूर्वी तोडणीच्या टोळीतली सात मुले घेऊन आम्ही एका शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, “पटावर नाव नाही, तर मी तांदूळ कुठल्या हिशेबात दाखवू?” माणूस वाईट नव्हता, हिशेब त्याच्या गळ्याशी येणार होता. आम्ही शिक्षणहक्काचा कायदा पुढे ठेवला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे त्यात स्पष्ट आहे. गुरुजींनी तो वाचला, चष्मा काढला, आणि दुपारी सात ताटे वाढली गेली. त्यांतल्या एका मुलीने अर्धी खिचडी धाकट्या भावासाठी फडक्यात बांधली.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. ही खिचडी शिजवणाऱ्या बाईंना २००९ पासून केंद्राने महिना १००० रुपये मानधन ठरवले, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचे. राज्याने त्यात भर घातली, तरी त्याला मजुरी म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. दुसऱ्याच्या मुलांना वाढणारीची मुले घरी काय जेवतात, हेही ह्याच इतिहासातले पान आहे.

म्हणून श्रोत्यांजवळ एवढेच मागणे. हंगामात आपल्या गावी कोप्या पडल्या की तेथे जा, मुले मोजा, आणि त्यांची नावे पटावर चढवा. एके काळी ह्याच कामासाठी लोकांनी घरातली मूठ दिली. आज मूठ सरकारची आहे. आपण द्यायची आहे ती केवळ एका सकाळची पायपीट.