पगडियांचा चिखल

मराठी माणसाची सुरत १६६४ ची, शिवाजी महाराजांनी लुटलेली. पण ज्या मालावर ती पेठ श्रीमंत झाली, तो आणणारी मोठी जहाजं शहरापर्यंत पोचतच नसत. तापीच्या मुखाशी गाळ फार. म्हणून ती हजीऱ्याशेजारच्या सुवालीला नांगर टाकत आणि माल बैलगाड्यांतून पुढे जाई. १६१२ मध्ये याच पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं.

जहाजवाल्याला नकोसा असलेला तो गाळ म्हणजे पगडियांचं शेत. पगडिया म्हणजे पायी मासे धरणारा. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, जाळी लावायची, बिळात हात घालून लेवटा ओढून काढायचा. आपल्या खाडीतली निवटीच ती. होडी नाही, इंजिन नाही. अशा माणसाचा धंदा कागदावर दिसणं मुळातच अवघड.

१९८० च्या दशकात मुंबईच्या समुद्रातला वायू समुद्राखालच्या पाइपांतून हजीऱ्याला किनाऱ्यावर आला. त्यामागोमाग क्रिभकोचं खत, पोलाद, पेट्रोरसायनं, मग एलएनजी आणि बंदर. पोलादाची मळी इतकी साचली, की २०२२ मध्ये खडीऐवजी तीच वापरून इथे सहापदरी रस्ता बांधला गेला.

शहरही फुगलं. १९८१ मध्ये आठ लाखांच्या आत असलेली सुरत २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांवर गेली. यंत्रमाग आणि साड्यांच्या धंद्याने ओढून आणलेल्यांत खानदेशी माणूस मोठ्या संख्येने. लिंबायत-उधन्यात आजही अहिराणी कानावर पडते. तापीचं पाणी ज्या वाटेने येतं, जवळपास त्याच वाटेने तोही आला. पण एवढ्या माणसांची घाण कुठे जाणार, हे कुणी आधी ठरवलं नव्हतं. सुरतेच्या तब्येतीला सर्वांत गाजलेला दणका बसला तो धुराड्यांमुळे नव्हे. सप्टेंबर १९९४ मध्ये, पुरानंतर कचरा सडत असताना, प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळाले.

हजीऱ्यातलं नुकसान असं एका रात्रीत दिसलं नाही. बंदराच्या विस्तारासाठी भराव पडला, तशी पगडियांची चिखलात उतरायची वाट आखडली. हजीरा मच्छिमार समितीने राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली. जानेवारी २०१६ मध्ये लवादाने अदानींच्या बंदराच्या विस्ताराला मिळालेली पर्यावरण मंजुरी रद्द केली आणि २५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

भराव मात्र निकालाच्या आधीच पडून गेला होता.