पूर्वजांची दप्तरे

बंगळूरच्या चिकपेठेतून किंवा मल्लेश्वरमच्या जुन्या रस्त्यांवरून दारावरच्या पाट्या वाचीत कोणी गेले, तर त्याला मराठी घर सहसा ओळखता यावयाचे नाही. पाटीवर आडनाव नसते. आरंभी एकदोन अक्षरे, मग नाव आणि त्याला जोडलेला 'राव', एवढेच. दक्षिणेतील ही रीत तेथील मराठी कुटुंबांनी पिढ्यांमागेच आपलीशी केली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव यांच्या नावातील 'टी' म्हणजे तंजावर. परक्याला निरर्थक वाटणाऱ्या अशा अक्षरात पुष्कळदा घराण्याचे गाव दडलेले असते.

मात्र हे अक्षर फार मागे नेत नाही. कुटुंबाचा अलीकडचा एखादा मुक्काम ते सांगते. त्याआधीचे गाव कोणते, कृष्णेच्या काठचे की गोदेच्या, हे विचारू गेल्यास पाटी मुकी होते. घरात मराठी बोलली जाते, पण लिहिली जाते कन्नड अक्षरांत. देवघरात तुळजाभवानी किंवा खंडोबा असतो, गोत्र पाठ असते, आणि आजीने सांगितलेली 'आपण शहाजीराजांबरोबर आलो' ही एक गोष्ट असते. ही गोष्ट खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी नातवाने कागद शोधावयाचे ठरविले, तर त्याने कोणत्या दप्तराचा दरवाजा ठोठवावा?

आजीची गोष्ट अशक्य कोटीतील मुळीच नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ साली मोगलांचा सरदार कासीमखान याने ते जिंकले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना विकले. मधल्या सुमारे अर्ध्या शतकात बंगळूर हे मराठी दरबाराचे गाव होते. दरबार आला म्हणजे त्याच्यामागून कारकून, शिलेदार आणि पुरोहित येतातच. तथापि बंगळूरची सगळीच मराठी माणसे त्या एका लाटेतली नव्हेत. कोणी तंजावरहून उलट्या वाटेने आले, कोणी म्हैसूरच्या चाकरीत आले. १८३१ ते १८८१ या काळात म्हैसूरवर इंग्रज कमिशनरांचा अंमल होता, तेव्हाही दप्तरात कन्नडाच्या जोडीला मराठी लेखणी चालत होती. रंगाऱ्यांचा आणि शिंप्यांचा धंदा करणारी कुटुंबे आपापल्या कसबामागून आली. शेवटची मोठी लाट कारखान्यांची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि स्वातंत्र्यानंतर त्याच्या शेजारी दूरध्वनींचे, यंत्रांचे, रेडिओच्या उपकरणांचे सरकारी कारखाने उभे राहिले. प्रत्येक लाटेचे कागद निराळे, म्हणून शोधाची वाटही निराळी.

राजेलोकांचे काम सोपे असते. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात १६६९ चा शिलालेख आहे. त्यात एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. शहाजीराजांच्या बंगळुरातील दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात करून ठेविले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते १९२२ साली छापून प्रसिद्ध केले. आणि तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहासच मराठीत कोरवून घेतला. एका घराण्याने आपली वंशावळ दगडावर इतक्या विस्ताराने लिहविल्याचे दुसरे उदाहरण मराठीत नाही. पण अशा वंशावळींचा एक दोष जाणत्याने ध्यानात ठेवावा. त्या जितक्या मागे जातात तितक्या थोर होत जातात, आणि पुरेशा मागे गेल्या म्हणजे सूर्यवंशाला जाऊन भिडतात. ज्याला पणजोबाचे गाव हवे आहे त्याला सूर्य सापडून उपयोग नाही.

सामान्य माणसाने प्रथम जन्माच्या नोंदीकडे जावे असे कोणीही सांगेल. इंग्लंडात ते योग्यही ठरते. हिंदुस्थानात १८८६ साली जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा झाला, पण त्यात सक्ती नव्हती. सर्व देशभर नोंदणी सक्तीची करणारा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रातील खेड्यांत गाव-नमुना चौदा किंवा कोतवालाचे बुक या नावाने जुनी जन्ममृत्यूची पुस्तके आढळतात. ती पुष्कळदा मोडीत असतात. त्यांत बापाचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढे असते. बाळाचे नाव बहुधा नसते. यात लिहिणाऱ्याचा आळस नाही. बारसे बाराव्या दिवशी, आणि नोंद त्याच्या आधीची! अमक्याला अमक्या दिवशी मुलगा झाला हे सिद्ध होते, पण तो मुलगा म्हणजेच आपला आजोबा, हे दुसऱ्या कागदाने ठरवावे लागते. आईचे नाव तर शोधूच नये अशी स्थिती. मुलीचे नाव लग्नात बदलते, त्यामुळे माहेरच्या कागदातील कृष्णा सासरच्या कागदात लक्ष्मी होते आणि दोघी एकच होत्या हे सांगणारा साक्षीदार उरत नाही.

याच बंगळुरात १८०९ साली इंग्रजांची छावणी वसली. तेथील गोऱ्या शिपायाच्या मुलाला देवळात बाप्तिस्मा दिला की त्याची नोंद होई, आणि तिची नक्कल मद्रासमार्गे लंडनला जाई. ती आजही तेथे पाहावयास मिळते. छावणीपासून कोसभर अंतरावर, पेठेत त्याच आठवड्यात जन्मलेल्या मराठी मुलाचा मात्र कोठे मागमूस नाही.

मग शिरगणती? म्हैसूर संस्थानाची पहिली पद्धतशीर शिरगणती १८७१ साली झाली. तेव्हा माणसे पन्नास लाखांवर भरली. पुढे १८७६ ते १८७८ असा भयंकर दुष्काळ पडला आणि १८८१ साली पुन्हा डोकी मोजली तेव्हा ती बेचाळीस लाखांच्या आत आली. आठ लाखांहून अधिक माणसे दोन छापील तक्त्यांच्या मध्ये नाहीशी झाली. कोणत्या घरातला कोण गेला, हे तक्ते सांगत नाहीत, कारण त्या मोजणीत नाव हे केवळ मोजण्याचे साधन होते. आकडा काढून झाला की नावाचे काम संपले. इंग्लंडात घरोघरची पाने जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी ती लोकांना खुली होतात. १९२१ सालची पाने तेथे २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने शिरगणतीतील व्यक्तिगत मजकूर गोपनीय ठरविला. तो पाहावयास मिळत नाही आणि पुराव्यातही घेतला जात नाही. माणसांनी खरी माहिती निर्भयपणे सांगावी यासाठी हे आवश्यकच आहे. परंतु वंशावळ शोधणाऱ्याने या दारी वेळ दवडू नये हेही तितकेच खरे.

सरकारला माणसाचे नाव लक्षात ठेवावे लागते ते देण्याघेण्याच्या वेळी. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत ते याच कारणाने. कोणाला किती नेमणूक, कोणाला कोणत्या गावचे इनाम, कोणाची बाकी किती, हे त्यात लिहिले आहे. १८५२ साली मुंबई इलाख्यात इनाम कमिशन कायद्याने नेमले गेले तेव्हा इनामदारांची झोप उडाली. पण वंशशोधकाने त्या कमिशनचे आभार मानावेत अशी गंमत आहे. हक्क टिकविण्यासाठी प्रत्येक घराण्याला आपली कैफियत आणि वंशावळ सादर करावी लागली. म्हैसुरातही १८६० च्या दशकात इनामांची अशीच चौकशी झाली. ज्याच्याजवळ जमीन होती त्याचे आजे-पणजे अशा रीतीने कागदावर आले. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याचे आले नाहीत.

अपवाद निघतो तो अनपेक्षित ठिकाणी, समुद्रावर. बंगळूर समुद्रापासून दूर हे खरे. पण कारखान्यांच्या लाटेत कोकणातून जो जोडारी किंवा कारकून येथे आला, त्याच्या घरात आजोबा बोटीवर होते ही आठवण असणे स्वाभाविकच आहे. रत्नागिरी आणि कुलाबा हे जिल्हे पिढ्यान्पिढ्या दर्यावर्दी पुरवीत आले. आंग्र्यांच्या आरमाराचा शेवट १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत झाला. त्यानंतर पेशव्यांच्या आरमाराचे ठाणे तेथेच राहिले आणि धुळपांच्या हाताखाली नांदले. या आरमारांच्या कागदांत सरदाराचे नाव असते, कोठे तांडेलाचे मिळते. वल्हे मारणारा मात्र संख्येतच राहतो. आगबोटी आल्या आणि चित्र पालटले. गोऱ्या कप्तानाला खलाशी पळून जाण्याची धास्ती, कंपनीला पगाराच्या हिशेबाची काळजी. म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी खलाशांची यादी करार म्हणून लिहिली जाऊ लागली. प्रत्येकाजवळ नोकरीचा दाखला असे. तो गुंडाळून नळीत ठेवीत, म्हणून दाखल्यालाच 'नळी' हे नाव पडले. त्यावर नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण आणि केलेल्या बोटींची नावे असत. घरच्या पेटीच्या तळाशी अशी एखादी नळी सापडली तर ती तिजोरीत ठेवण्याच्या योग्यतेची समजावी.

या याद्यांपैकी अनेक इंग्लंडात ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात आहेत. त्यांतील नावे ओळखणे हे मात्र वेगळेच शास्त्र आहे. सारंगाने तोंडी सांगितलेले नाव इंग्रज अधिकाऱ्याने कानाला आले तसे लिहिले. एकच इब्राहीम तीन बोटींवर तीन रूपांनी येतो. गावाच्या नावाचीही तीच गत होते. मराठी कानाने ते मोठ्याने वाचावे, मग डोळ्यांना न उमगलेले राजापूर किंवा दापोली एकदम ऐकू येते.

खलाशाचे नाव सर्वांत जपून लिहिले गेले ते तो बुडाल्यावर. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांच्या निवासगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे साडेसहा हजारांची नावे एका पुस्तकात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत, दुसरी चट्टग्रामला. भंडारी, खारवी, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती अशी कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे या नोंदींत शेजारी शेजारी आली आहेत, आणि अनेकांपुढे बापाचे नाव व गावही आहे. ज्या माणसाच्या नावाने सातबाराचा उतारा नव्हता आणि ज्याचा जन्म 'एक मुलगा' एवढाच नोंदला गेला, त्याचे पूर्ण नाव जगाला कळले ते त्याची बोट पाणसुरुंगावर गेली म्हणून.

आणि ज्यांच्याजवळ इनाम नव्हते, ज्यांची बोटही बुडाली नाही? त्यांच्यासाठी उरतात तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया या क्षेत्री यजमान आला की उपाध्याय त्याचे नाव, बापाचे, आजाचे, भावांचे, मुलांचे नाव आणि गाव लिहून घेत व खाली त्याची सही किंवा निशाणी घेत. मागून येणाऱ्या पिढीने आपला उपाध्याय ओळखावा आणि दक्षिणा त्यालाच मिळावी, हा यातील व्यवहार उघड आहे. पण त्या व्यवहारानेच या वह्या प्रामाणिक राहिल्या. येथे थोरवी मिरवावयाची नसते, ओळख पटवावयाची असते. नवऱ्यामागे एखादी विधवा तीर्थाला आली असेल तर तिचे स्वतःचे नाव मिळण्याची आशाही येथेच अधिक.

अडचण एकच, पण मोठी. जुन्या वह्या मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली तेव्हा तालुक्यातालुक्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, आणि मोडी वाचकांना कधी नव्हे ते बोलावणे आले. एका शब्दाच्या वाचनावर कुटुंबाचा दाखला अडला म्हणजे लिपीची किंमत कळते.

बंगळूरच्या माणसाला या वह्यांपर्यंत पोहोचावयाचे तर आधी आपली नावाआधीची अक्षरे सोडवावी लागतात. थोरल्या पातीतील भाऊबंदांना विचारावे, घरातील लग्नपत्रिका आणि श्राद्धात उच्चारली जाणारी तीन पिढ्यांची नावे लिहून काढावीत, कुलदैवताचे मूळ ठाणे कोणते ते पाहावे. मग त्र्यंबकला जावे. तेथे उपाध्याय प्रथम नाव विचारीत नाही, गाव विचारतो. गाव सांगता आले नाही तर गोत्र, दैवत, जात विचारून तो एक एक गाठोडे बाजूला सारीत जातो. कधी तासाभरात पान निघते, कधी दोन दिवसांतही निघत नाही. निघाले तर शाई फिकी पडलेल्या ओळींखाली तो नवी ओळ लिहितो. त्यात आलेल्या माणसाचे नाव, बापाचे नाव, मुलगे, आणि सांगणाऱ्याने आग्रहाने सांगितल्या तर मुलीही. मूळ गावाच्या नावापुढे तो लिहितो, हल्ली वस्ती बंगळूर, आणि वही सहीसाठी पुढे करतो. सही बहुधा कन्नडात होते.