‘फार विचार’ आणि आज्यांचा बाक

१९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जे. सी. कॅरोदर्स यांचा आफ्रिकी मनाविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. कॅरोदर्स नैरोबीच्या मथारी मनोरुग्णालयाचे प्रमुख राहिले होते. वसाहतीच्या नोकरीतील अनुभव हेच त्यांचे भांडवल. आफ्रिकी माणसाला खिन्नतेचा विकार क्वचितच जडतो, कारण त्याच्या ठायी आत्मपरीक्षणाची आणि जबाबदारीची जाणीव पुरेशी विकसित झालेली नसते, असा या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. फ्रान्झ फॅनन यांनी १९६१च्या आपल्या ग्रंथात त्याचा खरपूस समाचार घेतला. तथापि एखाद्या समाजाला दुःख होऊच शकत नाही, हे मत एकदा ग्रंथित झाले की ते दवाखान्यांतून, शाळांतून आणि कचेऱ्यांतून दीर्घकाळ वावरत राहते.

साहित्याच्या अभ्यासकांना या मताची ओळख बहुधा एका कादंबरीतून झालेली असते. झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या १९८८ सालच्या ‘नर्व्हस कंडिशन्स’मध्ये न्याशा ही बुद्धिमान मुलगी अन्न टाकते, खंगत जाते, अखेरीस कोसळते. तिला ज्या मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जाते, तो म्हणतो की ती आजारी असणे शक्यच नाही. तुम्ही वर्णन करता तसे आफ्रिकी लोकांच्या बाबतीत घडत नाही. कादंबरीचे शीर्षक फॅनन यांच्या ग्रंथाला सार्त्र यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतून आले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे लेखिकेचा रोख स्पष्ट होतो. न्याशाच्या भोवती माणसे पुष्कळ आहेत, परंतु तिच्या अवस्थेला त्यांच्यापैकी कोणाजवळही नाव नाही.

नाव मात्र भाषेत होतेच. शोना भाषेत ‘कुफुंगा’ म्हणजे विचार करणे. त्याला अतिशयत्व दाखविणारा प्रत्यय लागून ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द होतो. फार, अतोनात, थांबता न येणारा विचार, असा त्याचा अर्थ. १९९०च्या दशकात हरारेमध्ये काम करणाऱ्या विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडचे असे शब्द गोळा करून त्यांवर चौदा प्रश्नांची एक शोना प्रश्नावली सिद्ध केली. परदेशी प्रश्नावलीचा अनुवाद न करता लोकांच्या बोलीतून प्रश्न घडविणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. वैद्यकाच्या इतिहासात तिची नोंद होते. भाषाव्यवहाराच्या इतिहासातही ती व्हावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मे २००५मध्ये झिम्बाब्वेच्या सरकारने शहरांतील अनधिकृत घरे आणि पथाऱ्या उद्ध्वस्त करण्याची मोहीम उघडली. तिचे नाव ‘मुरांबात्स्विना’, म्हणजे घाण झिडकारणे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दूत ॲना टिबायजुका यांच्या अहवालानुसार सुमारे सात लाख लोकांचे घर, उपजीविका किंवा दोन्ही गेले. ज्यांचे छप्पर पडले त्यांना सरकारी शब्दकोशात ‘घाण’ ठरविण्यात आले होते. हरारेची म्बारे ही जुनी कष्टकरी वस्ती या तडाख्यात सापडली. देशात मानसोपचारतज्ज्ञ जेमतेम डझनभर. त्यांतील एक, डिक्सन चिबांडा. त्याच सुमारास त्यांची एक तरुण रुग्ण पुढील तपासणीसाठी येऊ शकली नाही आणि तिने आयुष्य संपविले. रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारे पंधरा डॉलर कुटुंबाजवळ नव्हते, ही हकिकत चिबांडा यांनी पुढे जाहीरपणे सांगितली आहे.

२००६ साली त्यांना म्बारेमध्ये काम करण्यास सांगण्यात आले तेव्हा पैसा नव्हता, दवाखान्यात खोली नव्हती, परिचारिका मोकळ्या नव्हत्या. होत्या त्या चौदा आज्या. शहराच्या आरोग्यखात्यासाठी घरोघर फिरून लसीकरण, स्वच्छता यांविषयी सांगणाऱ्या या वृद्ध स्त्रियांना वस्ती ‘अंबुया उतानो’, आरोग्याच्या आज्या, म्हणून ओळखत असे. खोली नाही म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाक टाकला गेला. डॉक्टरांनी प्रथम त्याला मानसिक आरोग्याचा बाक म्हटले. आज्यांनी सांगितले की या नावाच्या बाकावर कोणीही बसणार नाही. अखेर नाव ठरले, ‘चिगारो चेकुपानामाझानो’. इंग्रजीत त्याला मैत्रीचा बाक म्हणतात, पण हा अनुवाद मूळ नावाच्या मानाने फिका आहे. ‘कुपा’ म्हणजे देणे, ‘कुपाना’ म्हणजे एकमेकांना देणे आणि ‘माझानो’ म्हणजे युक्ती, सल्ला, मसलत. परस्परांशी मसलत करण्याचा बाक! देणारी आणि घेणारी यांतले अंतर एका प्रत्ययाने मिटविले आहे.

उपचाराच्या पायऱ्यांनाही शोना नावे मिळाली. पहिली ‘कुव्हुरा फुंग्वा’, मन उघडणे. यातील ‘फुंग्वा’ आणि ‘कुफुंगिसिसा’ एकाच धातूपासून आलेले. दुखण्याचा शब्द आणि उपायाचा शब्द सख्खे भाऊबंद. त्यानंतर उभारी देणे, मग बळकटी देणे. आजी प्रथम ऐकते, समोरची व्यक्ती अडचणींची यादी करते, त्यांतील एकच निवडते आणि तिच्यापुरती वाट दोघी मिळून शोधतात. नवरा, घरभाडे, एचआयव्हीची बाधा, रोजगार असे या अडचणींचे स्वरूप असते. पुढे ‘कुबाताना तोसे’, हात धरून एकत्र, या नावाच्या मंडळात बायका जमतात आणि गप्पा करता करता पिशव्या विणतात.

डिसेंबर २०१६मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या प्रयोगाची चाचणी प्रसिद्ध झाली. हरारेतील २४ दवाखाने, ५७३ रुग्ण. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत खिन्नतेची लक्षणे उरली होती, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ५० टक्के होते.

येथे आजीविषयी भाबडे होण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्या वाङ्मयातही आजी फार लवकर गोड होते. म्बारेच्या आज्या केवळ प्रेमळ होत्या म्हणून हे घडले नाही. त्यांना प्रशिक्षण होते, देखरेख होती, अवघड रुग्ण पुढे पाठविण्याची सोय होती. आणि नावाला नकार देण्याइतका अधिकार त्यांनी वापरला. सक्षमीकरण हा आज वापरून गुळगुळीत झालेला शब्द आहे. येथे त्याचा अर्थ नेमका सांगता येतो: डॉक्टरांनी आपल्या शब्दावरचा हक्क सोडला. दुसरी बाजूही आहे. सरकारने पाडलेले घर बाकाने उभे राहत नाही, आणि अडचणींची यादी करणाऱ्या स्त्रीला त्यांतील पहिली अडचण सरकार आहे असे म्हणता येते का, हा प्रश्न चाचणीच्या आकड्यांत मावत नाही.

हा इतिहास आपल्यापासून तितकासा दूर नाही. विक्रम पटेल हरारेहून परतल्यावर १९९६ साली गोव्यात ‘संगथ’ ही संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या कामाची तिने घेतलेली चाचणी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आली, सरकारी आरोग्यकेंद्रांत या कामाचा गुण दिसला. पुढे शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लहान लहान बैठका घेतल्या, घरी जाऊन धीर दिला. मराठी माणूस ‘मला खिन्नता आली आहे’ असे म्हणत नाही. तो टेन्शन म्हणतो, ‘डोक्यात नुसते विचार येतात’ म्हणतो. तिचे ‘फार विचार करणे’ ऐकून घेणाऱ्या शोना आजीला हे वाक्य अनुवादाशिवाय कळले असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण या गावांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. उरलेल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी तोवर कोणाकडेही तोंड उघडले नव्हते.