तंजावरची अर्जी आणि इंग्रजी निबंध

एखादी समस्या मांडून तिच्यावर उपाय सुचविण्याचा निबंधप्रकार इंग्रजीच्या परीक्षांमुळे आज सर्वपरिचित झाला आहे. १९८९ साली सुरू झालेल्या आयेल्ट्स परीक्षेत उमेदवारापुढे वाहतूक, प्रदूषण, बेकारी असा एखादा प्रश्न ठेवला जातो, व सुमारे चाळीस मिनिटांत निदान २५० शब्दांचे उत्तर अपेक्षिले जाते. त्यातील तोडगा कोणी अमलात आणणार नसतो. भाषा आणि विचारांची मांडणी तेवढी जोखली जाते. परंतु याच घाटाचे इंग्रजी लेखन, ज्याच्या निकालावर माणसांचे अन्न अवलंबून होते, तंजावरच्या मराठी राजवाड्यातून दोन शतकांपूर्वी पाठविले गेले होते.

दुसरे सरफोजीराजे हे श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. गुरूच्या थडग्यावर कोरण्यासाठी त्यांनी इंग्रजीत पद्य रचले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मात्र त्यांच्या इंग्रजीची खरी कसोटी शोककाव्यात नव्हती. १७९९च्या तहाने मुलूख कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला व वसुलाचा एक हिस्सा एवढेच उरले. मग रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांचे काय, हा प्रश्न उभा राहिला. कंपनीच्या हिशेबी दृष्टीला छत्र म्हणजे केवळ उत्पन्न गुंतवून ठेवलेली जमीन.

जानेवारी १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पाठविलेले पत्र या प्रश्नाचे उत्तर आहे. मसुदा कोणाच्या हातचा, हा वाद येथे गौण होय. पत्रातील विनंती थोडक्यात आटोपते: छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत. बाकीची जागा वर्णनाने व्यापली आहे. ब्राह्मणापासून परियापर्यंत प्रत्येक वाटसरूला शिजलेला भात, शिजलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. वाटप मध्यरात्रीपर्यंत, आणि शेवटी कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे म्हणून घंटा. वेदांचे अध्यापक, पंतोजी, विषावर उतारा जाणणारे वैद्य. आजारी प्रवाशाची बरा होईपर्यंत शुश्रूषा, तान्ह्या मुलांना दूध, गर्भवतींची व्यवस्था, अनाथांना अन्नवस्त्र. या तपशिलात अलंकार जवळजवळ नाही. वाचणाऱ्याला छत्र ठाऊक नाही, हे ओळखून लिहिणाऱ्याने ते त्याच्या डोळ्यांपुढे उभे केले, आणि उपाय आपोआपच वाजवी ठरला. छत्रांचा कारभार राजांकडे राहिला.

वर्णनाच्या या सामर्थ्याला मर्यादा मात्र होती. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस पुत्रावाचून वारले तेव्हा कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही जप्ती सार्वभौम सत्तेची कृती ठरवून आपला अधिकारच नाकारला. प्रश्न ऐकण्याचेच ज्याने नाकारले, त्याच्यापुढे तपशील काय करणार?

योगायोग असा की त्याच १८५५ साली लंडनमध्ये मुलकी सेवेची पहिली खुली स्पर्धापरीक्षा झाली व तीत इंग्रजी निबंधलेखनाला स्थान होते. पुढे इंग्रजी शिक्षणाचा विस्तार झाला, तशी अर्जीची जागा उत्तरपत्रिकेने घेतली. तोडग्याचा वाचक आता तोडगा देऊ शकणारा अधिकारी नव्हता. तो गुण देणारा परीक्षक होता. या फरकाकडे निबंधाच्या मार्गदर्शक पुस्तकांचे लक्ष क्वचितच जाते. ती ठरावीक वाक्ये पुरवितात; घंटा कधी वाजते, हे त्यांना सांगता येत नाही.

कुंभकोणमच्या मराठी कुटुंबात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव हे दोन्ही बाजू जाणणारे गृहस्थ. मद्रासला पॉवेलच्या हाताखाली शिकून १८४६ मध्ये ते परीक्षेत उत्तीर्ण झाले; नंतर त्रावणकोर, इंदूर व बडोदे येथे दिवाण होऊन अर्ज वाचण्याचे काम त्यांच्याकडे आले. १८८१ साली त्यांनी बडोद्याच्या तरुण सयाजीरावांपुढे इंग्रजीत व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. राज्यकारभारातील अडचणी आणि त्यांवरचे उपाय हाच त्यांचा विषय, आणि समोरचा श्रोता थोड्याच दिवसांत स्वतः हुकूम देणार होता.