शिष्टाचार की वेतन? : अमेरिकेतील ‘टिप’ प्रथेचा ऐतिहासिक आढावा

उपाहारगृहात भोजनानंतर वेटरला टिप देणे हा सामान्यतः शिष्टाचाराचा भाग मानला जातो. अमेरिकेत मात्र या प्रथेचा इतिहास प्रामुख्याने वेतनाचा इतिहास आहे.

युरोपातील ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजली. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपून गुलामगिरी नष्ट झाली. तथापि मुक्त कृष्णवर्णीयांच्या वाट्यास बहुधा सेवेचीच कामे आली. पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत त्यांना अल्प वेतनावर नेमले व उर्वरित कमाई प्रवाशांच्या टिपांवर सोपविली. अनेक उपाहारगृहांच्या मालकांनीही हाच मार्ग अवलंबिला.

या प्रथेस विरोधही झाला. समान नागरिकांच्या लोकशाहीत ती दास्यवृत्ती जोपासते, असा आक्षेप होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपबंदीचा कायदा केला. आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. परंतु १९२६ पर्यंत हे कायदे रद्द झाले.

१९३८ च्या किमान वेतनविषयक कायद्यातून उपाहारगृहांतील बहुसंख्य कामगार वगळले गेले. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांपैकी अनेकांना संरक्षण दिले. पण किमान वेतनाचा निम्म्यापर्यंतचा भाग टिपांतून वळता करून घेण्याची मुभा मालकांना मिळाली. संघीय कायद्यानुसार अशा कामगारास द्यावयाचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांत मात्र टिपांव्यतिरिक्त पूर्ण किमान वेतन देणे बंधनकारक आहे.

सारांश, मालकाच्या दायित्वाचा काही भाग ग्राहकाच्या सौजन्यावर सोपविणारी ही व्यवस्था आहे. त्यामुळे तेथे टिप नाकारणारा ग्राहक कामगाराच्या वेतनातच कपात करीत असतो.