रायपूरचे ऊन, मराठी अमदानी आणि भनपुरीचा भाठा

छत्तीसगडातील मराठी माणसाच्या वास्तव्याचा इतिहास लिहिताना आपण बहुधा सनदा, सुभे आणि देवालये यांचाच मागोवा घेतो. ह्या मुलखाच्या उन्हाशी त्या माणसाने कसा संसार केला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तोही इतिहासच आहे, आणि भनपुरीसारख्या वस्तीत राहणाऱ्यांना त्याची आज अधिकच गरज आहे.

रायपुरास वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे हा काही मरुदेश नव्हे. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले वर्ष मनुष्याने स्वतःच्या तरतुदीवर काढावयाचे असते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात आला की ‘नवतपा’ सुरू होतो. पारा ४४-४५ अंशांवर जातो, दुपारी लू वाहते. अशा ठिकाणी पावसाचे पाणी अडविणे आणि सावली राखणे हीच नगररचनेची पहिली कलमे ठरली. येथील लोक जुन्या तलावांची गणती ‘छै आगर छै कोरी’ अशी करतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी आणि वर सहा, असे एकशे सव्वीस. रतनपुराविषयी हे विशेषेकरून सांगितले जाते. आकडा अक्षरशः घ्यावा असे नाही, पण गावाची श्रीमंती तलावांनी मोजणारी भाषा कोणत्या अनुभवातून आली असेल, हे उघड आहे.

रायपूरचा बुढा तलाव किल्ल्याच्या बरोबरीचा, म्हणजे पंधराव्या शतकातील मानला जातो. कंकाली तलाव सतराव्या शतकाच्या अखेरीस महंत कृपालगीर यांनी दगडी बांधला. महाराजबंध हा मात्र आपल्या अमदानीचा: एका मराठा इजारदाराने तो खोदविला, आणि त्याच्या जवळच १७७५ मध्ये बिंबाजी भोसल्यांनी श्रीरामाचे मंदिर उभारले. सारा वसूल करणाऱ्या मनुष्याने तलाव बांधावा, ह्यात केवळ पुण्यसंचय नव्हता. पाणी टिकले तर रयत टिके, आणि रयत टिकली तर सारा मिळे, हे त्याला कळत होते. नागपुरास भोसल्यांनी महाराजबाग, तेलंगखेडी अशा बागा राखल्या. बाग आणि तलाव यांची जोड ही त्या घराण्याची जुनीच आवड होती.

बिंबाजी १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास होते. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने देण्याचा प्रघात छत्तीसगडात त्यांनीच रूढ केला असे सांगतात. येथे त्या पानांना ‘सोनपत्ता’ म्हणतात. पुढे १८१८ मध्ये कर्नल ॲग्न्यू यांच्या कारकिर्दीत राजधानी रतनपुराहून रायपुरास आली, १८८८ मध्ये रेल्वे आली, आणि कचेऱ्या, शाळा, रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे वाढली. त्यांच्या घरांतून ओसरी, मधला चौक, सारवलेले अंगण, वाळ्याचे पडदे आणि माठ आले. छत्तीसगडी शेजाऱ्याकडून त्यांनी बोरे-बासी घेतली. रात्रभर पाण्यात भिजलेला भात, मीठ आणि कांदा, एवढ्यावर येथला शेतकरी उन्हात उभा राहतो. (२०२२ साली कामगारदिनी राज्य शासनाच्या आवाहनावरून शहरी मंडळींनीही ती समारंभपूर्वक खाल्ली. जी आधी शेतमजुराची शिदोरी होती!)

ही घडी विसाव्या शतकात मोडली. रजबंधा तलावाचे मैदान झाले व तेथे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. लेंडी तलावाच्या जागी बाजार बसला. बिलासपूर मार्गावरील भनपुरी उद्योगवस्ती झाली. पत्र्याची छपरे, काँक्रीट आणि मालमोटारींची वर्दळ यांत सावली म्हणून काही उरलेच नाही.

त्यात जमिनीचीही अडचण आहे. छत्तीसगडी शेतकरी मातीचे चार प्रकार करतो: काळी कन्हार, पिवळसर मटासी, त्या दोहोंमधील डोरसा, आणि मुरमाड भाठा. भाठ्यावर कारखाने चढले हे ठीकच झाले, कारण भात तेथे फारसा होत नव्हता. पण झाडही तेथे सहजी होत नाही. तीन हात खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, त्यात कन्हार माती व शेणखत भरावे, पहिल्या दोन पावसांनंतर रोप लावावे, आणि पुढचे दोन उन्हाळे पाणी घालावे. हा दुसरा उन्हाळाच लोक विसरतात आणि मग जमिनीला दोष देतात.

घराच्या पश्चिमेस कडुनिंब किंवा करंज असावा. तिसऱ्या प्रहराचे ऊन तोच अडवितो. फाटकापाशी ओळीने लावलेला उंच अशोक दिसतो राजबिंडा, पण त्याची सावली त्याच्याच बुंध्यापुरती. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ असतात आणि मृगापूर्वीच्या वादळात त्या मोडून पडतात, म्हणून तो छपरावर झुकू देऊ नये. पिंपळ भिंतीपासून व नळापासून दूर. मुले खेळतात तेथे कण्हेर नको. तिचे सर्वांग विषारी आहे. भिंतीलगत पालापाचोळा व फुटक्या विटा साठल्या की विंचू-साप आश्रयास येतातच. आणि ज्या झाडाखाली दुपारी विसावलो, त्याच झाडाखाली विजा चमकत असता उभे राहू नये.

उन्हात राबणाऱ्याचे काय? अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात मोठी प्राणहानी झाली, आणि त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती-आराखडा केला: आगाऊ इशारा, पाणपोया, रुग्णालयांची सिद्धता. पाणपोई तर आपल्याकडे केव्हाचीच आहे. दुपारी बारा ते चार अवजड काम थांबविणे मात्र मालकाच्या हाती आहे. उष्माघाताने बरळणाऱ्या वा शुद्ध हरपलेल्या मनुष्याला तत्काळ सावलीत न्यावे, अंगभर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात पोहोचवावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

राहिली विजेच्या तारांखालची जागा. तेथे उंच वृक्ष चालत नाही, आपटा चालतो. तो ठेंगणा, काटक आणि मुरमाडीत तग धरणारा आहे. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. भनपुरीतील घरांपुढे दहा-वीस आपटे लागले, तर दसऱ्याचे सोने रानातून ओरबाडून आणावे लागणार नाही.