नितळ पाणी आणि स्वच्छ पाणी : प्रवाळांच्या टाकीच्या फिल्टरचा इतिहास



गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आपण उइटहॉर्नला जमलो होतो, तेव्हा आरतीची पुस्तके मोजता मोजता एका सभासदांनी मला बाजूला घेतले. "तुम्ही केमिस्ट्रीवाले ना? मुलीला निमो मासा हवाय, सोबत पोवळीही. शंभर लिटरची टाकी घेतोय. दुकानात तीन तऱ्हेचे फिल्टर दाखवले. कोणता घेऊ?" मी म्हटले, "फिल्टर नंतर घ्या, आधी त्याचा इतिहास ऐका." तेवढ्यात प्रसादाच्या यादीसाठी हाक आली आणि बोलणे तिथेच राहिले. ते इथे पूर्ण करतो.

फिल्टर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहाची गाळणी येते. चोथा वर राहिला, खाली स्वच्छ चहा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणाऱ्या आपल्या आज्यांना मात्र ठाऊक होते, की नितळ पाणी आणि स्वच्छ पाणी या दोन गोष्टी आहेत. तुरटीने गाळ बसतो, तरी पाणी उकळावेच लागते. मत्स्यालयातले खरे विष तर मुळीच दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच होतो. पाणी काचेसारखे नितळ असते आणि मासा मरतो. हा अमोनिया कुठे जातो, या एका प्रश्नाभोवती सगळा इतिहास फिरतो.

आपल्यापैकी अनेकांनी पहिले मत्स्यालय पाहिले ते मुंबईचे तारापोरवाला, बहुधा शाळेच्या सहलीत. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवरच्या त्या इमारतीतून रस्ता ओलांडला की समुद्र. समुद्रकाठी एक सोय असते : जुने पाणी सोडून नवे घ्यावे. आपल्या उइटहॉर्नला ॲम्स्टेल नदी आहे, पण ती गोड्या पाण्याची. इथे तेच खारे पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते. दीडशे वर्षांपूर्वी लंडनकरांपुढे हीच अडचण होती.

१८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या. मासे श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देतात, कुजकी पाने गोगलगायी खातात, असा त्याचा हिशेब होता आणि तो जमला. पाठोपाठ १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आले आणि घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे वेड पसरले. मिठे मिसळून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृतीही गॉस यांनी दिली. या साऱ्यात प्राणवायूचा विचार झाला होता, अमोनियाचा झाला नव्हता. म्हणून टाक्या काही दिवस टिकत आणि मग एकाएकी नासत.

विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी व्यावहारिक तोड काढली. १८७१ मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात त्यांनी दर्शनी टाक्यांच्या कित्येक पट मोठा हौद खाली अंधारात बांधला आणि पंपाने पाणी सतत खालीवर फिरवले. पाणी निरोगी राहू लागले. त्यामागचे कारण कळायला मात्र आणखी काही वर्षे जावी लागली.

ते कारण मत्स्यालयात नव्हे, गटाराच्या पाण्यात सापडले. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. वीस दिवस काहीच घडले नाही. जेवढा अमोनिया आत जाई, तेवढाच बाहेर येई. मग एकाएकी अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्म सोडताच ते थांबले. म्हणजे काम वाळूचे नव्हते, वाळूवर वस्तीला आलेल्या जिवांचे होते! इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे हेच संशोधन पुढे नेऊन ही क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट, हे दाखवणाऱ्याचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. सोनमाशांच्या भांड्यावाल्या वॉरिंग्टनचा हा मुलगा. बापाच्या हिशेबातली राहिलेली रक्कम मुलाने मांडली. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखवले.

ते वीस दिवस मला फार महाग पडले. इथे आल्यावर आमची पहिली टाकी केली, उत्तम फिल्टर आणला आणि दुसऱ्याच दिवशी दोन क्लाऊनफिश सोडले. मुलाने त्यांची नावेही ठेवली. चौथ्या दिवशी दोन्ही गेले. फिल्टरचा दोष नव्हता, माझ्या घाईचा होता. नवा फिल्टर म्हणजे रिकामी चाळ. भाडेकरू यायला वेळ लागतो. त्यातून समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते. पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, तर ८.२ ला सात-आठ टक्के. डॉक्टरेट असूनही हे गणित मी मासे गेल्यावर मांडले.

आता दुकानातले तीन प्रकार.

पहिला, वाळूखालचा फिल्टर. तळाशी जाळीदार पत्रा, वर वाळू, हवेच्या नळीने पाणी वाळूतून ओढायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा घरोघरी होता. श्लोझिंगची नळीच ती, आडवी केलेली! अमोनिया जातो, पण नायट्रेट साठते आणि वाळूत घाण अडकते. मासे तग धरतात, प्रवाळ धरत नाहीत.

दुसरा, ठिबक फिल्टर. प्लास्टिकच्या काटेरी गोळ्यांवरून पाणी ठिबकते, मुबलक हवा मिळते आणि जीवाणू झपाट्याने काम करतात. कल्पना सांडपाणी शुद्धीकरणातली. तिचा प्रसार आपल्या हॉलंडच्या नावाने झाला : १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांनी एका अमेरिकन मासिकात लेखमाला लिहून डच पद्धतीची छोटी प्रवाळ टाकी तिकडच्या हौशी मंडळींना दाखवली. तिने प्रवाळ पाळण्याची हिंमत दिली. पण अमोनियाचे नायट्रेट करण्यात हा फिल्टर जितका तरबेज, तितके नायट्रेट अधिक साठते.

तिसरा, स्किमर. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढतात, तेच तत्त्व, फक्त इथे उकळणे नाही. बारीक बुडबुड्यांना प्रथिनांसारखी द्रव्ये चिकटतात, फेस वरच्या पेल्यात सांडतो आणि आपण तो ओतून देतो. जर्मनीत १९६० च्या दशकापासून ही पद्धत रुजली. पहिले दोन फिल्टर घाणीचे रूप बदलतात. हा ती कुजण्याआधीच बाहेर काढतो.

आणि चौथा प्रकार, जो फिल्टरांच्या फळीवर मांडलेला नसतो. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली : समुद्रातले जिवंत खडक, थोडे हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. दुसरा फिल्टर नाही. कारण सोपे आहे. सच्छिद्र खडकाच्या पृष्ठभागावर अमोनियाचे नायट्रेट होते आणि आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. वर्तुळ पुरे होते. पुढे बर्लिन पद्धतीने खडक आणि स्किमर यांची जोडी लावली. तिच्यात चुन्याची निवळीही आली. शाळेत नळीने फुंकर मारून आपण जी दुधाळ केली, तीच. प्रवाळ आपला सांगाडा त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. (पानाचा चुना मात्र टाकीत घालू नये.)

तेव्हा शंभर लिटरसाठी माझे मत असे. आठ-दहा किलो सच्छिद्र खडक हाच मुख्य फिल्टर. पाणी हलते ठेवणारा छोटा पंप. पैसे उरले तर लहान स्किमर. ठिबक फिल्टर आणि वाळूखालचा पत्रा नको. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलावे. त्यासाठी साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम सागरी मीठ लागते. बाष्पीभवनाने पाणी घटले तर भर गोड्या पाण्याची घालावी, कारण मीठ उडून जात नाही. इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन नसते, तरी क्षार असतातच, म्हणून आरओचे पाणी बरे. मासा आणण्याआधी चार ते सहा आठवडे थांबावे आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी करावी.

एक विनंती. सुट्टीत मालवणहून खडक किंवा पोवळ्याचा तुकडा बॅगेत घालून आणू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि २००१ मध्ये कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. गॉस यांच्या पुस्तकाने लागलेल्या वेडात इंग्लंडच्या किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडली गेली, अशी खंत त्यांच्या मुलाने, एडमंड गॉस यांनी, १९०७ मध्ये लिहून ठेवली. आज टाकीतच जन्मलेले क्लाऊनफिश मिळतात. गुलाबाची फांदी खोचावी तशी मऊ प्रवाळांची कलमेही होतात. कोरडा खडक आणून त्यावर कुणाच्या जुन्या टाकीतला एखादा तुकडा ठेवला, की विरजण लागते.

आमच्या दुसऱ्या टाकीतला खडक आता चांगला मुरला आहे. ज्या सभासदांनी प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी त्यातला एक तुकडा काढून ठेवला आहे. चाचणीचा संचही माझ्याकडे आहे. पुढच्या कार्यक्रमाला दोन्ही घेऊन येईन. तोवर मुलीला सांगा, टाकी रिकामी दिसली तरी तिच्यात लोक राहायला येत आहेत.